टेक्निकल रायटर म्हंजे काय व माय?

नोकरी शोधण्याच्या काळात हाती दोनच गोष्टी साचतात, नकाराच्या मेल आणि किस्से. मेल मी केव्हाच डिलीट करून टाकल्या. किस्से मात्र जाता जात नाहीत. आज शबाना कामरगावात तिच्या अब्बांच्या वर्कशॉपचा कारभार बघते, गजानन धनजला राहून अजून परीक्षा देतो आणि मी पुण्यात आहे. पण आमचा तिघांचा व्हिडिओ कॉल लागला, की कामाचं बोलणं दोन मिनिटांत आटोपतं आणि कोणीतरी म्हणतंच, "अबे, तो टायचा किस्सा सांग ना." मग पुढचा तास गेला समजा.

आधी आमची ओळख करून देते. मी कामरगावची प्रणाली, कारंज्याच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले. शबाना माझ्या वर्गातली. गजानन आमच्याहून एक वर्ष पुढे, तलाठ्याच्या परीक्षेमागे लागलेला. कारंज्यातल्या एका अभ्यासिकेत आमची टेबलं शेजारी-शेजारी होती. तिथं बसणारा प्रत्येक जण सरकारी परीक्षेची तयारी करत होता, आणि मी एकटी टेक्निकल रायटरची नोकरी शोधत होते. ही नोकरी जगात असते, हे मलाही शेवटच्या वर्षापर्यंत माहीत नव्हतं. आमच्या प्रोजेक्टची तोंडी परीक्षा घ्यायला बाहेरून एक सर आले होते. त्यांनी रिपोर्ट चाळला आणि म्हणाले, प्रोजेक्ट साधाच आहे, पण रिपोर्ट कोणी लिहिला? मी हात वर केला. ते म्हणाले, असं लिहायचा कंपन्या पगार देतात, शोध.

झालं. तेव्हापासून ते डोक्यात बसलं ते बसलंच.

घरी मी आणि बाबा, दोघंच. आई मी दहावीत असताना गेली. बाबांचं म्हणणं सरळ होतं. बी.एड. कर, कॉलेज कारंज्यातच आहे, पुढे जवळच्या शाळेत कुठेतरी लागशील. ही नोकरी म्हणजे पुणं नाहीतर हैदराबाद, हे त्यांना ठाऊक होतं, पण "जाऊ नोको" असं ते कधी म्हणाले नाहीत. मी एक वर्ष मागितलं. त्यांनी दिलं. वर्षात जमलं तर जमलं, नाहीतर बी.एड.चा फॉर्म. हे सगळे किस्से त्या एका वर्षातले.

*

पहिली पंचाईत म्हणजे लोकांना सांगायचं काय? बाबांना गावात विचारायचे, पोरगी काय करते? बाबांनी मला विचारलं, "टेक्निकल रायटर म्हंजे काय व माय?" मी त्यांना बसवून नीट समजावलं. मशीन असते, सॉफ्टवेअर असतं, ते वापरायचं कसं हे लोकांना कळेल असं लिहायचं. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं, मान हलवली, आणि गावात जाऊन सांगितलं, "ते लोकायले समजंन असं लिहिते."

दुसऱ्या दिवशी सकाळी रामभाऊ दारात. त्यांच्या शिवारातली डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली होती, वीज ऑफिसात अर्ज द्यायचा होता. माझं टाळकं सटकलं. यासाठी का मी डिग्री घेतली? पण रामभाऊ वडिलांच्या वयाचे, नाही कसं म्हणणार. मग रागारागातच जसं शिकले होते तसं लिहून दिलं. काय पाहिजे ते पहिल्या ओळीत. मग कोणती डीपी, कधीपासून बंद, किती विहिरींच्या मोटारी अडल्या, कोणाला फोन करायचा. बस.

रामभाऊंनी कागद उलटापालटा करून पाहिला. त्यांना संशय आला. "याच्यात विनंती कुठी हाये व? सायेबाले राग नाई येनार?" त्यांच्या समाधानासाठी मी खाली एक विनंती टाकली.

संध्याकाळी ते परत आले आणि ओट्यावरूनच सांगायला लागले. ऑफिसातल्या बाबूनं अर्ज वाचला, पुन्हा वाचला, आणि विचारलं, कोणी लिहिला? रामभाऊ अभिमानानं म्हणाले, आमच्या गावच्या पोरीनं. तर बाबू म्हणाला, "तिच्याकडून नका लिहून आनत जाऊ. इथं काय पायजे ते पयल्याच ओळीत समजते. मंग आमाले काम करा लागते."

डीपी बसली. त्यानंतर आमच्या ओट्यावर सकाळी दोन-चार माणसं ठरलेलीच. मी बाबांवर चिडचिड करायची, ते गालात हसायचे. पण आता वाटतं, माझं लिहिणं कोणाच्या तरी कामी आलं ते तिथंच पहिल्यांदा.

*

जाहिरातींची तर तऱ्हाच वेगळी. "फ्रेशर हवेत, अनुभव दोन वर्षे." गजानन म्हणायचा, मागच्या जन्मी कुठी काम केलं असंन तर लिहून टाक. आणि प्रत्येक ठिकाणी मागणी एकच, आधी लिहिलेले नमुने दाखवा. नोकरी नाही म्हणून नमुने नाहीत, नमुने नाहीत म्हणून नोकरी नाही. या चक्रात मी चार महिने फिरले.

शेवटी एका कंपनीनं परीक्षा पाठवली. ज्यानं आयुष्यात कधी टाय बांधला नाही, त्याला टाय बांधता येईल अशा सूचना लिहा. आता आमच्या तिघांत टाय होता कोणाकडे? गजाननकडे शाळेतला, तयार गाठीचा, रबराचा. शबानानं तिच्या चुलतभावाच्या लग्नाच्या सुटाबरोबर आलेला खरा टाय पैदा केला. मी व्हिडिओ थांबवून-थांबवून पायऱ्या लिहिल्या, आणि अभ्यासिकेच्या मागच्या अंगणात गजाननला उभं केलं. तो वाचणार आणि बांधणार.

पहिल्यांदा गाठ कानाखाली आली. दुसऱ्यांदा आलीच नाही. तिसऱ्या वेळी टाय असा काही अडकला, की तो सोडवायला अभ्यासिकेचे मालक बाहेर आले. मी गजाननवर उखडले. उजवा हात कोणता हे ज्याला कळत नाही तो काय तलाठी होणार, असंही बोलले. तो बिचारा म्हणे, "तू लिहिलं तसंच करून राह्यलो ना बाप्पा."

शबाना मघापासून कागद आणि व्हिडिओ आलटून-पालटून बघत होती. ती म्हणाली, "व्हिडिओतला मानूस तुह्याकडं तोंड करून उभा हाये. तू अर्ध्या पायऱ्या त्याच्या उजव्या हातानं लिहिल्या आन् अर्ध्या तुह्या."

मी कागद पाहिला. खरंच होतं. मला सगळं समजत होतं, कारण मी व्हिडिओ बघत होते. गजाननजवळ फक्त माझा कागद होता. पुस्तकात "वाचकाच्या जागी उभे राहा" असं वाचलं होतं, पाठ होतं, पण कळलं ते त्या अंगणात. मग मी उजवं-डावं सगळं काढून टाकलं आणि टायचं रुंद टोक, अरुंद टोक असं लिहिलं. गजाननची गाठ पहिल्या झटक्यात बसली.

कंपनीनं आठवड्यानं कळवलं, आम्ही अनुभवी उमेदवार निवडला आहे. दोन दिवस मी अभ्यासिकेत गेलेच नाही. गजाननचं मात्र भलं झालं. त्यानं तो कागद घरी नेला, आणि आज धनजमध्ये कोणाचंही लग्न असो, नवरदेवाचा टाय तोच बांधतो. पंगतीत पहिलं पान त्याचं वाढतात म्हणे.

*

मधेच एक स्थळ आलं. मी वर्ष मागितलं होतं ते नोकरीसाठी, पण आत्याबाईंनी लग्नाची बाजू मोकळी ठेवली होती. मुलगा कारंज्याचा, घर बरं. बाबांना मनातून आवडलं असणार, कारंजा म्हणजे जीपनं जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पण तेही ते बोलले नाहीत. फक्त सकाळपासून दोनदा अंगण झाडलं.

पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या मामांनी विचारलं, मुलगी काय करते? बाबा म्हणाले, लिहिते. मामा खूश झाले. "वा, म्हणजे लेखिका. मग एखादी कविता होऊन जाऊ दे."

मी बाबांकडे पाहिलं. बाबा छताकडे. मी सांगायला लागले की तसं लिहिणं नाही हो मामा, पण मामा ऐकायला तयार नाहीत. लाजू नको, म्हण, म्हण. आता इतका आग्रह होतोच आहे तर म्हटलं, घ्या. तेव्हा मी सरावासाठी घरातल्या प्रेशर कुकरच्या सूचना नव्यानं लिहीत होते आणि त्या मला तोंडपाठ होत्या. मी पदर सावरला, हात जोडले आणि सुरू केलं. "झाकण लावण्याआधी वाफेचं भोक उजेडाकडे धरून पाहा. आरपार दिसलं तरच झाकण लावा. कुकर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. डाळ असेल तर अर्धाच."

सगळ्या सूचना म्हणून दाखवल्या, एकही सोडली नाही. मुलगा बिचारा हसू दाबत होता, तो बरा होता. मामांनी मात्र शेवटी "छान" म्हणून घड्याळ पाहिलं. पुन्हा त्यांचा फोन काही आला नाही. आत्याबाई माझ्याशी महिनाभर बोलल्या नाहीत.

पाहुणे गेल्यावर मला वाटलं, आता बाबा बोलतील. ते स्वयंपाकघरात गेले, कुकरचं झाकण घेऊन दारात आले, उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "स्थळ गेलं त गेलं. पन याच्या भोकात जिरं अडकेल हाये, हे आज समजलं."

*

यानंतरचा प्रसंग आम्ही तिघं कॉलवर फारसा काढत नाही. पण तो सोडला तर पुढचं समजणार नाही.

हैदराबादच्या एका कंपनीतून फोन आला. बाबा शेजारीच खाटेवर बसले होते, बैलाची वेसण वळत. फोनवरच्या बाईंनी सगळं विचारलं, आणि शेवटी म्हणाल्या, घर सोडून यावं लागेल, चालेल का? घरच्यांची काही अडचण? मी म्हटलं, नाही, काही अडचण नाही. पटकन म्हणून गेले. फोन ठेवला आणि पाहिलं, बाबांचे हात थांबले होते.

मी म्हटलं, बाबा, असं सांगावंच लागतं, नाहीतर ते पुढं बोलतच नाहीत. ते म्हणाले, "बरोबर सांगतलं तू." आणि मग विचारलं, "तथी भाकर भेटते का व?"

ती नोकरी मिळाली नाही. पण त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की कळली. नोकरी मिळाली नाही तर मी हरणार होते, आणि मिळाली तर बाबा एकटे पडणार होते. त्यामुळे प्रत्येक नकार आला, की मला रडू यायचं आणि पोटात कुठेतरी हायसंही वाटायचं. दोन्ही खरं होतं. कोणाला सांगायची सोय नव्हती, म्हणून शबानाला सांगितलं. ती म्हणाली, "दोन्हीच्या मधात बसून राह्यलं त काहीच होत नाई. तू पयले काम त कर." आणि मला वर्कशॉपमध्ये घेऊन गेली.

*

शबानाचे अब्बा, यूसुफचाचा, ट्रॅक्टरला जोडायचं पेरणी यंत्र बनवतात. आमच्या भागात त्यांच्या यंत्राला नाव आहे. दोन हंगामांआधी त्यांनी त्यात नवी सोय केली होती. बी ज्या नळ्यांतून जमिनीत पडतं, त्या प्रत्येक नळीच्या तोंडाशी एक छोटा काळा डोळा बसवला. बी पडताना डोळ्याला दिसतं. नळी तुंबली, बी पडायचं थांबलं, की ड्रायव्हरजवळचा डबा बीप-बीप वाजतो. सोय मस्त होती, पण तक्रार एकच यायची. यंत्र पहिल्याच दिवसापासून बोंबलतं. चाचा मोटारसायकल काढून जायचे, वायरी बघायचे, नळ्या फडक्यानं पुसायचे, आणि बीप बंद व्हायचा. धूळ असेल, असं समजून परत यायचे. नळीत लाल-लाल लागलेलं असायचं, पण सोयाबीनच्या बियाण्याला औषध लावलेलं असतं ते लालच असतं, त्यात नवल काही नव्हतं.

शबाना म्हणाली, लोकांना वापरता येत नसेल. तू माहितीपत्रक लिही, तुला नमुना होईल, आम्हाला काम होईल. मी मोठ्या हौसेनं लिहिलं. डब्याला "नियंत्रण पेटी" म्हटलं. चाचांनी वाचलं आणि विचारलं, "बेटा, हे पेटी कुठी हाये?" मी बोट दाखवलं. ते म्हणाले, "मंग डबा म्हन ना." डबा केला.

मग आमचं ठरलं, की लिहिलेलं कोणीतरी वापरताना समोर बसून पाहायचं, आणि काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. योग असा, की नवं यंत्र गजाननच्याच घरी जायचं होतं. एरवी चाचा यंत्र उतरवून लगेच निघायचे. घरात नवी वस्तू आली की पूजा होते, आणि पूजेच्या वेळी परक्या माणसानं दारात ताटकळू नये, लोकांना मोकळेपणा वाटत नाही, असा त्यांचा रिवाज. या वेळीही चाचा निघून गेले, पण शबाना आणि मी मुद्दाम थांबलो. गजाननसह तिघं ओट्यावर तोंड मिटून बसलो.

गजाननच्या बाबांनी माझं माहितीपत्रक घेतलं, उडू नये म्हणून नारळाखाली ठेवलं, आणि विसरले. गजाननची आई ताट घेऊन आली. पूर्वी बैलांनी ओढायची तिफण होती तेव्हा पेरणीआधी चाड्याची पूजा व्हायची. ज्यात मूठ सोडायची आणि जिथून बी खाली जायचं, ते चाडं. तिफण गेली, पण माय-बायांना पूजा कुठं करायची ते पक्कं माहीत आहे. जिथून बी पडतं तिथं. काकूंनी एकेका नळीच्या तोंडाला हळद लावली, कुंकू लावलं, चांगलं बोट भरून. एकही नळी सोडली नाही.

मग घरचं साधं बियाणं टाकलं, औषध न लावलेलं. ट्रॅक्टर चार पावलं गेला, आणि डबा बीप-बीप. गजानन नियम विसरून म्हणाला, "खराब निघाली का व मशीन?" शबाना उठली. नळीत बोट घातलं आणि बाहेर काढून आम्हाला दाखवलं. लाल. बियाण्याला तर औषधच नव्हतं.

काळ्या डोळ्यावर काकूंचं कुंकू बसलं होतं. काकू घाबरून म्हणाल्या, "मंग पूजा करू नोको म्हनता का?"

चाचांना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातली वायर खाली ठेवली. दोन हंगाम ते वायरी बदलत होते. मी म्हटलं, चाचा, सोपं आहे, पहिल्या पानावर लिहू. तर ते म्हणाले, "सोपं नाई बेटा. म्या मुसलमान मानसानं लोकायले सांगू का, कुंकू कुठी लावा आन् कुठी नाई?"

हे मला सुचलंच नव्हतं. मग मी ते वाक्य लिहायला बसले. खोडत बसले. शेवटी जमलं ते असं: "पूजा जरूर करा. बी जिथून पडते तिथे एक डोळा आहे, त्यालाही बी दिसू द्या." आयुष्यात इतकं चांगलं वाक्य मी लिहिलं नव्हतं. शबानाला आवडलं, गजाननला आवडलं, काकूंनी तर दोनदा वाचून घेतलं. चाचांनी वाचलं, "बहोत खूब" म्हणाले आणि आत गेले.

दोन तासांनी बाहेर आले तेव्हा यंत्राच्या पुढच्या दांडीवर पत्र्याची एक छोटी चौकट बसवलेली होती. नारळ गडगडू नये म्हणून काठ उचललेला, वरून पिवळा रंग. पुढचं यंत्र गेलं त्या घरची बाई ताट घेऊन आली, थेट त्या पिवळ्या चौकटीपाशी गेली, आणि नळ्यांकडे तिनं पाहिलंही नाही. कोणाला काही सांगावं लागलं नाही, कोणाला काही वाचावं लागलं नाही.

माझं सगळ्यात चांगलं वाक्य चाचांनी वेल्डिंगनं खोडलं!

दोन दिवस मी धुसफुसत होते. मग राग उतरला तसं लक्षात आलं, की लिहायला बसण्याआधी हे लिहावंच लागू नये असं काही करता येतं का, एवढं तरी विचारायला हवं. मी तो सगळा प्रकार, खोडलेल्या वाक्यासकट, नमुना म्हणून मांडला आणि पाठवत सुटले. आठ-दहा ठिकाणांहून काहीच आलं नाही. मग पुण्याहून एक मेल आली.

*

तोवर वर्ष सरत आलं होतं. बी.एड.ची जाहिरात लागली होती आणि बाबांनी माझे दाखले एका पिशवीत काढून ठेवले होते. पुण्याची कंपनी शेतकऱ्यांसाठी ॲप बनवायची, आणि त्यांना इंग्रजी-मराठी दोन्हीत लिहिणारं माणूस हवं होतं. दोन फेऱ्या झाल्या. तिसरी शेवटची, व्हिडिओ कॉलवर, घरूनच.

त्या दिवशी बाबा शेतात गेले नाहीत. कारण काही सांगितलं नाही. बाहेर ओट्यावर बसून राहिले.

कॉलवर एक मॅडम होत्या, नाशिककडच्या वाटल्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी माझ्या फोनवर त्यांचं नवं ॲप पाठवलं. विहिरीवरची मोटार कधी सुरू करायची आणि किती वेळ चालवायची, ते त्यात आधीच ठरवून ठेवता येतं. त्यांनी सांगितलं, हे वापरायच्या सूचना मराठीत कागदावर लिही. मी लिहिल्या. थोड्याच होत्या. मला वाटलं आता त्या कागद कॅमेऱ्यापुढे धरायला सांगतील. त्या म्हणाल्या, "घरात कोणी आहे का, ज्यानं हे ॲप कधी पाहिलेलं नाही?"

घरात दुसरं होतं कोण? मी बाबांना हाक मारली.

बाबा आत आले. आधी टोपी काढली, मग परत घातली, आणि लॅपटॉपला नमस्कार केला. मॅडमनी त्यांना खुर्चीवर बसवून घेतलं आणि नीट समजावलं. काका, एका हातात फोन घ्या, समोर हा कागद ठेवा. वाचायचं आणि तसं करायचं. प्रणाली बोलणार नाही, बोट दाखवणार नाही. तुम्ही कोणाला न विचारता शेवटपर्यंत गेलात, तर तिची निवड झाली समजा, महिन्याभरात तिनं पुण्याला यायचं.

बाबांनी विचारलं, "आन् अडलो त?"

मॅडम म्हणाल्या, मग अवघड आहे काका, आमच्याकडे अजून उमेदवार आहेत.

खोटं कशाला सांगू, सूचनांची भीती नव्हती. बाबांना फक्त "समजत नाही" एवढं म्हणायचं होतं. एवढंच. ते म्हणाले असते तर कोणाला काही कळलं नसतं, मलाही नाही. दाखल्यांची पिशवी तिथंच खुंटीला होती. आणि माझं मलाच कळेना, की त्यांनी काय म्हणावं असं मला वाटतंय. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि जमिनीकडे पाहत राहिले.

बाबांनी चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवून, ओठ हलवत वाचायला लागले. पहिली सूचना झाली. मोटार निवडली. वेळ निवडायची होती, तिथं ते थांबले. बराच वेळ थांबले. बाबांनी ती ओळ पुन्हा वाचली, मान हलवली, आणि सकाळची वेळ बरोबर टाकली. किती वेळ चालवायची तेही टाकलं. आता शेवटची ओळ उरली होती. "खालचं हिरवं बटण दाबा. काम झालं."

बाबांनी ओळ वाचली. अंगठा बटणाच्या वर नेला. आणि तिथंच धरून ठेवला.

मॅडम थोड्या वेळानं म्हणाल्या, "काका, अडलं का काही?"

"नाई जी. समजलं ना. लय साफ लिहिलं पोरीनं."

"मग दाबा ना."

बाबांनी लॅपटॉपकडे पाहिलं. "हे दाबलं म्हंजे झालं ना मॅडम? मंग पोरगी पुन्याले जाईन?"

"हो काका. झालंच."

बाबांनी अंगठा मागं घेतला. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत लावला. फोन मांडीवर ठेवला आणि माझा कागद जवळ ओढून घेतला.

"थांबा मॅडम," ते म्हणाले. "एक डाव पुन्हा पयल्यापासून वाचतो."